राइड-ऑन मोवरचं इंजिन बदलायचं आहे: शाफ्ट, वायरिंग आणि खारी हवा

आगरवाडी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. ठिकाण गुहागर तालुका, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर नारळ-सुपारीचं आगर, त्याला लागून तीन एकर गवताळ आवार. मशीन बसून चालवायचा मोवर. ४२ इंची डेक (पाती झाकणारं पत्र्याचं घर), उभ्या शाफ्टचं १७.५ एचपीचं सिंगल सिलिंडर इंजिन, हायड्रो गिअर, पात्यांना विजेवरचा क्लच. इंजिनावरचा मॉडेल नंबर ३१ ने सुरू होतो.

गवतात लपलेल्या जांभ्याच्या चिऱ्याला मशीन थडकलं. तेव्हापासून जबरदस्त थरथर आहे. शिवाय निळा धूर, चावी फिरवली की स्टार्टर अर्ध्या फेरीवर अडतो, डिपस्टिकवर ऑईल खुणेच्या वर आलंय आणि त्याला पेट्रोलचा वास आहे. मेकॅनिक म्हणतो, इंजिन गेलं, नवीन टाका. पाऊस ओसरला की कापणी सुरू करायची आहे, म्हणून दसऱ्याच्या आत हातावेगळं करायचंय. कोणतं इंजिन बसेल, काय मोजायचं, काय चुकतं, सविस्तर सांगा.

पाना_बावीस

इंजिन मागवण्याआधी थांबा, दादा. तुम्ही चार तक्रारी सांगितल्यात आणि त्या चारही वेगवेगळ्या असू शकतात.

थरथरीपासून सुरू करू. ढकलायच्या छोट्या मोवरला पातं थेट क्रँकशाफ्टवर असतं, त्यामुळे दगड लागला की शाफ्ट वाकतो. तुमच्या मशीनला पाती पट्ट्यावर फिरतात, मधे पट्टा घसरतो आणि धक्का खातो. नुसतं पातं चिऱ्याला लागलं असेल तर बहुधा पातं, स्पिंडलचा दांडा किंवा डेकच वाकला असेल. पेट्रोल मिसळलेलं ऑईल आधी बदला, मग इंजिन चालू करून पात्यांचा क्लच बंद ठेवा. थरथर गेली तर दोष डेकमध्ये. पाती बंद असतानाही मशीन तेवढंच हलत असेल तर दोष वर.

पण क्लच चेसिसच्या खाली लोंबतो, सगळ्यात खालच्या भागांपैकी तो एक. चिरा उभा असेल आणि तो थेट क्लचवर आपटला असेल तर शाफ्ट वाकण्याची शक्यता मोठी. क्लचच्या कडेवर ताजा ओरखडा आहे का बघा. असेल तर क्लच उतरवून शाफ्टच्या टोकाला डायल गेज (डगमग मोजणारं सुईचं मापक) लावा आणि प्लग काढून फ्लायव्हील हाताने फिरवा. वाकलेला क्रँकशाफ्ट कोणी सरळ करून देतो म्हटलं तरी देऊ नका. सरळ केलेल्या जागी धातूला बारीक चीर पडते आणि ३,६०० फेऱ्यांवर तुकडा उडाला तर तो बसलेल्या माणसाच्या पायाशी आहे.

सुताराचीवाडी

स्टार्टर अर्ध्यावर अडण्याचं सांगते. ३१ म्हणजे ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं ३१ घन इंचाचं, सुमारे ५०० सीसीचं इंजिन. त्यांच्या नंबरात सुरुवातीचे आकडे घन इंच दाखवतात. एवढ्या मोठ्या सिंगलला सुरू होताना दाब थोडा सोडून द्यावा लागतो. ते काम कॅमशाफ्टवरची छोटी यंत्रणा करते, ती एक्झॉस्ट किंवा इनटेक व्हॉल्व्ह केसभर उचलते. व्हॉल्व्हची फट वाढली की ते उचलणं पोचतच नाही आणि स्टार्टर पूर्ण दाबाशी झुंजून अडतो. म्हणून आधी फट मोजा, इंजिन थंड असताना.

पिस्टन वरच्या टोकाला आणा (दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या फेरीत) आणि तिथून पुढे खाली ६ मिलिमीटर उतरवा. प्लगच्या भोकात पेन्सिल घालून मोजता येतं. आता फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पत्र्याच्या पट्ट्यांनी) इनटेक ०.०८ ते ०.१३ मिमी, एक्झॉस्ट ०.१३ ते ०.१८ मिमी. अर्ध्या तासाचं काम आहे. पुष्कळ वेळा एवढ्यानेच स्टार्टर सरळ फिरतो. फट बरोबर असूनही अडत असेल तर बॅटरी, अर्थिंगची जोडणी (अर्थ), आणि शेवटी कॅम.

निळ्या धुराला पिस्टनच्या रिंगच कारण असतात असं नाही. या इंजिनात सिलिंडर आणि पुशरॉडची पोकळी यांच्यामध्ये हेड गॅस्केटची पट्टी अरुंद आहे. ती फुटली की ज्वलनाचा दाब क्रँककेसमध्ये शिरतो आणि ब्रीदरमधून ऑईल कार्बोरेटरकडे ढकलतो. लीक-डाउन टेस्ट (प्लगच्या भोकातून दाबाने हवा भरून ती कुठून निसटते ते बघणं) केली की कळतं. साध्या कॉम्प्रेशन गेजवर विसंबू नका, दाब सोडायच्या यंत्रणेमुळे त्याचा आकडा कमीच येतो.

कातळसडा

ऑईलची पातळी आपोआप वाढली तर ते नुसतं ऑईल नाही, त्यात पेट्रोल उतरलंय. कार्बोरेटरच्या नीडलखाली (पेट्रोल अडवणाऱ्या सुईखाली) कचरा अडकला की टाकी रात्रभर सिलिंडरमधून क्रँककेसमध्ये झिरपते. ते ऑईल पाण्यासारखं पातळ होतं, बेअरिंगला धरत नाही. अशा ऑईलवर एक मिनिटही इंजिन चालवू नका. हे मुद्दाम लिहितोय कारण नवं इंजिन बसवलं आणि टाकी, पाइप, फिल्टर जुनेच ठेवले तर तोच कचरा नव्या कार्बोरेटरमध्ये जातो.

आगरवाडी

सगळं तपासलं. क्लचवर मोठा ओरखडा आहे. डायल गेजची सुई पाऊण मिलिमीटर हलते. व्हॉल्व्हची फट जास्त होती, ती बसवली. लीक-डाउनला ऑईल भरायच्या तोंडातून हवा जोरात येते. म्हणजे शाफ्ट तर गेलाच, शिवाय रिंग किंवा हेड गॅस्केटही.

आता दोन प्रश्न. रत्नागिरीच्या दुकानात पंपासाठीचं १३ एचपीचं नवं इंजिन सहज मिळतंय, ते बसेल का? आणि मोठं, दोन सिलिंडरचं घ्यावं का?

उद्यमनगर_लेथ

पंपाचं, पॉवर वीडरचं इंजिन आडव्या शाफ्टचं असतं. ते नव्वद अंशांत उभं करून चालत नाही. आतला ऑईल उडवणारा चमचा हवेत फिरतो, वरचं बेअरिंग कोरडं राहतं, कार्बोरेटरचा फ्लोट आडवा होतो. कोणी गिअरबॉक्स लावून देतो म्हणेल, ऐकू नका. उभ्या शाफ्टचंच घ्या.

ऑर्डर देण्याआधी पुढची मापं कागदावर घ्या आणि विकणाऱ्याकडून लेखी जुळवून घ्या. शाफ्टचा व्यास: या वर्गात बहुधा १ इंच, म्हणजे २५.४ मिमी. पट्टीने नको, व्हर्नियरने मोजा. २५ मिमी आणि २५.४ मिमी डोळ्याला सारखेच दिसतात, पण पुली बसत नाही. शाफ्टची लांबी, इंजिन जिथे टेकतं त्या पृष्ठभागापासून टोकापर्यंत: बहुधा ३-५/३२ इंच, म्हणजे ८० मिमी. आखूड शाफ्ट आला तर क्लच वर चढतो, दोन्ही पट्टे तिरके पळतात. टोकातले आटे: बहुधा ७/१६ इंच, २० आटे. चावीची (पुली शाफ्टवर घसरू न देणाऱ्या लोखंडी तुकड्याची) खाच पाव इंच आणि ती क्लचपर्यंत पोचते का. बुडाच्या चार भोकांची मांडणी. ऑईल काढायचं तोंड कोणत्या बाजूला. सायलेन्सर कुठून निघतो.

मॉडेल नंबरबरोबर टाइप नंबरही द्या. मॉडेल तोच आणि टाइप वेगळा असला तर शाफ्ट, सायलेन्सरची बाजू, चार्जिंग, सगळं वेगळं निघू शकतं.

पाना_बावीस

दोन सिलिंडरबद्दल माझं स्पष्ट मत: ४२ इंची डेकला गरज नाही. डेक तेवढंच, गिअर तोच. रुंदीमुळे बॉनेट घासतं, सायलेन्सर पूर्ण नवा लागतो, थ्रॉटलची केबल पोचत नाही, पेट्रोल जास्त पितं.

सुताराचीवाडी

इथे थोडं वेगळं मत मांडते. तीन एकर सपाट असेल तर सिंगल पुरे. पण दसऱ्याच्या सुमारास गुडघाभर ओलं गवत आणि वर चढ असेल तर दोन सिलिंडरचं इंजिन कमी थरथरतं आणि फेऱ्या पडू देत नाही. मात्र जुळवाजुळव करायला चांगला वेल्डर आणि पंधरा दिवस हाताशी हवेत. आगरवाडी दादांची घाई बघता सिंगलच.

उद्यमनगर_लेथ

आता प्रत्यक्ष काम. बोल्टबद्दल आधी सांगतो, कारण कोकणात इथेच दोन दिवस जातात. या मशीनवर बहुतेक सगळे बोल्ट इंची आट्यांचे आहेत. तालुक्याच्या दुकानात मेट्रिकच मिळतात. जवळचा म्हणून एम-१० हाणला की ३/८ चे आटे गेले. मुंबईला नागदेवी स्ट्रीट किंवा कोल्हापूरला उद्यमनगर, तिथून ३/८ चे चार-सहा बोल्ट आणि शाफ्टसाठी ७/१६-२० चा एक जास्तीचा उच्च ताकदीचा बोल्ट आधीच आणून ठेवा.

बॅटरीची उणे केबल पहिली काढायची, मग अधिक. टाकी पूर्ण रिकामी करा. वायरींचे फोटो काढा, प्रत्येक जोडणीवर चिकटपट्टीने नंबर घाला. थ्रॉटलची केबल कोणत्या भोकात, क्लिपखाली नेमकी कुठे आहे तिथे रंगाचा ठिपका. डेक खाली उतरवून बाजूला सरकवा, म्हणजे क्लचला पाना लावायला जागा मिळते. ऑईल काढून डब्यात भरा आणि गॅरेजवाल्याला द्या, व्हाळात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

क्लच आणि पुली हेच खरं झगडणं आहे. खाऱ्या हवेत पुली शाफ्टला वेल्ड केल्यासारखी धरते. दोन दिवस आधीपासून गंज सोडवणारं तेल सकाळ-संध्याकाळ टाका. बोल्टचे आटे उजवे आहेत, इम्पॅक्ट गनने दोन-तीन झटक्यांत सुटतो. गन नसेल तर फ्लायव्हील पट्ट्याच्या पान्याने धरा. फ्लायव्हीलच्या पंख्यात स्क्रू-ड्रायव्हर अडकवून धरलं की पाती तुटतात. क्लचला दोन बाजूंनी पहारी घालून ओढू नका, त्याचं कॉइलचं घर तडकतं. पुलीसाठी पुलर वापरा, जरूर पडली तर पुलीच्या मध्यभागाला थोडी उष्णता द्या (टाकी रिकामी असल्याची खात्री करून, क्लच आधी निघालेला असताना).

सिंगल इंजिन तीस-पस्तीस किलोचं. दोघं मिळून सहज उचलतात. चेनपुली टांगायची असेल तर तुळईला टांगा, वाशाला नको.

चेसिस मोकळी झाली की लगेच नवं इंजिन ठेवू नका. बुडाची जागा तारेच्या ब्रशने चकचकीत करा, भोकांच्या कडांना चीर आहे का बघा. वर्षानुवर्षे थरथरलेल्या पत्र्याला तिथेच चीर पडते. क्लच नवा घेणार नसाल तर मीटर लावा: कॉइलचा रोध साधारण २ ते ४ ओहम हवा. बेअरिंग हाताने फिरवून खरखर ऐका. तुमचा तर चिऱ्यावर आपटलाय, तो फिरताना डगमगत असेल तर नवाच घाला.

बसवताना: शाफ्टला तांब्याचं अँटी-सीझ ग्रीस पातळ लावा, चावी बोटाने सरकेल इतकीच घट्ट हवी, आधी गिअरच्या पट्ट्याची पुली, मग क्लच. क्लचच्या अंगाला एक खाच असते, ती चेसिसवरच्या जिभेत बसली पाहिजे, म्हणजे क्लचचं अंग फिरत नाही. पण ती खाच जिभेला बोल्टने आवळून टाकू नका. तिथे थोडी मोकळीक लागते, नाहीतर बेअरिंग थोड्याच दिवसांत जातं. मधला बोल्ट साधारण ६८ ते ७५ न्यूटन-मीटर. तुमच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो खरा. इंजिनाचे चार बोल्ट आधी चारही हाताने पकडवा, मग कर्णात आवळा.

समायोजनाचा क्लच असेल तर तीन खिडक्यांमधून फिलर गेज घालून फट ०.३ ते ०.४५ मिमी, तिन्हीकडे सारखी.

कातळसडा

बोल्टबद्दल एक भर. समुद्राकाठी सगळे स्टेनलेसचे बोल्ट घालायचा मोह होतो. इंजिन ॲल्युमिनियमचं आहे. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम खारट ओलीत एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी होते आणि पुढच्या वेळी बोल्ट आट्यांसकट बाहेर येतो. झिंकचा मुलामा दिलेले बोल्ट आणि अँटी-सीझ, एवढंच बरं.

वेंगुर्ला_वायरिंग

नव्या इंजिनाचा वायरींचा प्लग (स्पार्क प्लग नव्हे) जुन्या वायरिंगला बसला म्हणून जोडू नका. आकार तोच आणि आतल्या वायरींचा क्रम वेगळा, असं सर्रास असतं. रंगांवरही विश्वास नको. इंजिन बसवायच्या आधी मशीनच्या बाजूची प्रत्येक वायर मीटरने ओळखा.

इंजिन बंद करणारी वायर: चावी बंद असताना ती अर्थला जोडलेली दिसते, चावी चालू केली की सुटते. मॅग्नेटो अर्थ झाला की ठिणगी बंद, इतकं साधं गणित. या वायरीवर चुकून १२ व्होल्ट गेले तर कॉइल जळते. नव्या इंजिनांच्या कॉइल पहिल्याच दिवशी जातात त्या बहुतेक याच चुकीने.

कार्बोरेटरच्या सोलेनॉइडची (पेट्रोल सोडणाऱ्या विजेवरच्या झडपेची) वायर: चावी चालू, १२ व्होल्ट. चावी बंद, शून्य. ती जोडल्यावर चावी फिरवताच कार्बोरेटरखाली टिक असा आवाज आला पाहिजे. आवाज नाही तर पेट्रोल नाही.

चार्जिंगची वायर: जुन्या काही इंजिनांना रेग्युलेटर नसतो. एका डायोडमधून ३ ॲम्पिअर बॅटरीला आणि दुसऱ्या वायरीतून दिव्यांना एसी जातो. नव्याला १६ ॲम्पिअरचा रेग्युलेटर असेल तर स्टेटरच्या (फ्लायव्हीलखालच्या चार्जिंग कॉइलच्या) दोन पिवळ्या वायरी रेग्युलेटरला आणि तिथून एकच लाल बॅटरीकडे, मधे फ्यूज. पूर्ण फेऱ्यांवर बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. रेग्युलेटरचं घर स्वतः अर्थ असावं लागतं, त्याच्याखाली रंग ठेवू नका.

आणि अर्थ. कोकणातल्या अशा मशीनच्या निम्म्या तक्रारी अर्थच्या आहेत. इंजिनाचा अर्थ चार बोल्टांतून गंजलेल्या चेसिसला, तिथून बॅटरीला, असा फिरून जातो. बॅटरीच्या उणे टोकापासून थेट इंजिनाच्या ब्लॉकला १६ चौरस मिलिमीटरची वेगळी केबल टाका, टोकांना लग दाबून, वर ग्रीस. मग एकाने स्टार्टर मारायचा आणि दुसऱ्याने मीटरचं एक टोक बॅटरीच्या उणेवर, दुसरं ब्लॉकवर धरायचं. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर जोडणी अजून खराब आहे.

सीटचा, ब्रेकचा आणि पात्यांचा स्विच तोडून थेट जोडू नका. माणूस सीटवरून उठला की पाती थांबलीच पाहिजेत.

आगरवाडी

वायरी ओळखल्या. प्लगमध्ये दोन अदलाबदल होत्या, बरं झालं आधी बघितलं. इंजिन सिंगल ५०० सीसीचंच, शाफ्टची मापं जुळवून मागवलंय. पट्टे पण जुने झालेत. गिरणीचे पट्टे मिळतात तेच मापाने घालू का?

उद्यमनगर_लेथ

नको. गिरणीचा ए किंवा बी सेक्शनचा पट्टा सतत ताणात चालण्यासाठी असतो. मोवरचा पट्टा दर वेळी ढिला-घट्ट होतो आणि पाठीवरच्या पुलीवरून उलटाही वळतो. त्याच्या आत अरामिड धागा असतो. साधा पट्टा काही तासांत ताणला जातो, चकाकतो, जळका वास येतो. पट्टा मशीनच्या पार्ट नंबरनेच घ्या.

सुताराचीवाडी

पहिल्यांदा सुरू करायचा क्रम.

नवं इंजिन कोरडं येतं. सिंगलला साधारण १.४ लिटर ऑईल (दोन सिलिंडरला १.९ च्या आसपास). सव्वा लिटर ओता, दोन मिनिटं थांबा, डिपस्टिक बघत वरच्या खुणेपर्यंत आणा. जास्त भरलं तरी धूर करतं. आपल्या उकाड्याला एसएई ३० चांगलं. १०डब्ल्यू३० इथल्या गरमीत जास्त जळतं, ते घातलंत तर पातळी वारंवार बघा.

प्लगची फट ०.७६ मिमी. प्लग काढून, त्याची वायर ब्लॉकला टेकवून स्टार्टर पाच-पाच सेकंद तीनदा फिरवा, म्हणजे ऑईल वर चढतं. मग प्लग लावा. चोकची पाकळी हाताने बघा: लिव्हर चोकवर असताना ती पूर्ण मिटली पाहिजे. केबलची क्लिप एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी थंड इंजिन सुरू होत नाही आणि मग माणूस कार्बोरेटर उघडत बसतो.

पंधरा-वीस मिनिटं पाती न लावता, मध्यम फेऱ्यांवर. बंद करून गळती बघा, सायलेन्सरचे आणि बुडाचे बोल्ट पुन्हा आवळा. मग पहिला एक तास उंच कापणी, हलका भार. पाच ते आठ तासांनी पहिलं ऑईल बदला, त्यात बारीक चमक दिसते, घाबरू नका. पुढे दर ५० तासांनी.

गव्हर्नरच्या (इंजिनाच्या फेऱ्या मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगला हात लावू नका. कारखान्यातून तो बसवून येतो. वेग वाढवायला स्प्रिंग वाकवली की ३,६०० च्या वर जातं, पात्यांचं टोक सुरक्षित वेगाच्या बाहेर फिरतं आणि कनेक्टिंग रॉड तुटतो.

कातळसडा

पेट्रोलचं राहिलं. पंपावर आता ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. या इंजिनांना बनवणारे १० टक्क्यांपर्यंतच मान्य करतात. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि आपली हवा कशी आहे ते सांगायला नको. पाणी वाढलं की ते इथेनॉलसकट तळाला बसतं आणि कार्बोरेटरचं भांडं आतून हिरवट-पांढरं होतं.

म्हणून टाकीत आठवड्याला लागेल एवढंच पेट्रोल. पाइप ६ मिमी आतल्या व्यासाचा, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा, जुना पाइप आतून सोलून कणी सोडतो. टाकी धुऊन वाळवा. फिल्टर नवा. आणि टाकी-फिल्टरच्या मधे कॉक लावा, काम संपलं की तो बंद. नव्या इंजिनाच्या ऑईलमध्ये पेट्रोल उतरायचं नसेल तर हा छोटा कॉक सगळ्यात स्वस्त विमा आहे.

इंजिन वीस मिनिटं छान चालून बंद पडत असेल आणि टाकीचं झाकण उघडल्यावर पुन्हा चालत असेल तर झाकणाचं हवेचं भोक बघा. कुंभारीण माशी तिथे मातीने लिंपून ठेवते.

वेंगुर्ला_वायरिंग

धुण्याबद्दल: प्रेशरचं पाणी क्लचवर आणि प्लगच्या जोडण्यांवर मारू नका. काठावरच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर त्याने धुतलेलं मशीन न धुतलेल्यापेक्षा लवकर गंजतं. कॉम्प्रेसरची हवा आणि ओलं फडकं पुरे. ब्लोअरचं झाकण मात्र हंगामात एकदा उतरवाच. सिलिंडरच्या पंखांत गवताचा भुसा दाबून बसतो, कधी उंदराचं घरटं असतं, आणि हवा न लागता हेड तापून गॅस्केट जातं.

पाना_बावीस

पावसाळी ठेवणीचं याच धाग्यात नोंदवून ठेवतो. मे अखेर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, भांड्याखालचा बोल्ट सोडून उरलेलं काढा. प्लगच्या भोकात दोन चमचे ऑईल, हाताने दोन फेऱ्या, प्लग परत. बॅटरी काढून घरात, महिन्यातून एकदा चार्जिंग. ताडपत्री गुंडाळू नका, आत घाम धरतो. खोपीत फळीवर, वारा खेळेल असं ठेवा. आणि कापणीच्या आधी आवारात एक फेरी मारून जिथे जिथे चिरा वर आलाय तिथे चुन्याने रंगवलेली खुंटी ठोका, क्लचच्या उंचीपेक्षा वर दिसेल अशी.

आगरवाडी

इंजिन बसलं. स्टार्टर मारताना ब्लॉक आणि उणे टोकामध्ये ०.२ व्होल्ट, चार्जिंग १४.१, ऑईल १.४ लिटरच गेलं. क्लच डगमगत होता, नवा घातला. पाती न लावता वीस मिनिटं चालवलं, गळती नाही. सायलेन्सरचा एक बोल्ट पाव फेरी आवळावा लागला. खुंट्या आजच ठोकतो, अठरा जागा निघाल्यात.